शरीरात धातू आहे का?

एमआरआयला येणाऱ्या प्रत्येकाकडून आम्ही एक फॉर्म भरून घेतो. पेसमेकर आहे का, मेंदूत क्लिप आहे का, सांधा बदललाय का. त्याच यादीत खाली एक ओळ असते: शरीरात गोळी, छर्रा किंवा धातूचा तुकडा आहे का? इथवर येईस्तोवर माणूस कंटाळलेला असतो, न वाचताच 'नाही' ठोकून देतो. काहीजण हसतात. "गोळी? आमी काय पिक्चरमधलं हाय व्हय?"

मी तरी तोंडी पुन्हा विचारतोच. आमचं मशीन दीड टेस्लाचं आहे, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीसेक हजार पट. आणि ते बटण दाबल्यावर सुरू होत नाही, रात्रंदिवस चालूच असतं. आतली कॉइल द्रव हेलियममध्ये बुडालेली असते, तिला सुट्टी नाही. 2018 साली मुंबईत एक तरुण पेशंटसोबत ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन अशा खोलीत शिरला आणि जिवाला मुकला. तेव्हापासून तर मी करदोट्यापासून कंबरपट्ट्यापर्यंत सगळं स्वतः तपासतो. लोक वैतागतात. वैतागू देत.

त्या शनिवारी यादी फुल्ल होती. साडेअकराच्या सुमारास प्रयाग चिखलीकडचे एक आजोबा आले, बरोबर कॉलेजात शिकणारा नातू. पांढरा सदरा, लेंगा, टोपी, अंगाने काटक. डावा पाय महिन्याभरापासून बधिर होत होता, डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय लिहून दिला होता. फॉर्म नातवानं भरला, सगळ्या चौकटींत सरळ 'नाही, नाही, नाही'.

"आबा, अंगात कुठं गोळी, छर्रा, लोखंड?" मी विचारलं.

"नाही ओ सर," नातू म्हणाला.

"हाय की," आबा म्हणाले.

नातवाने मोबाईलमधून मान वर काढली. आबा शांतपणे सदऱ्याची बटणं काढत होते. "डाव्या मांडीत दोन-तीन हायती. एक हितं, माकडहाडाच्या वर. तवाच्या डाक्टरनं काढला न्हाय. म्हनला, ऱ्हाऊदे, तुला काय करत न्हाय त्यो."

"कवा लागलं?"

"एकाहत्तरला."

"आबा, सांगितलं न्हाईसा कवा आमाला!"

"इचारलं कुनी?"

हे ते तक्रारीच्या सुरात म्हणाले नाहीत. दुकानात साखर आहे का विचारल्यावर वाणी ज्या आवाजात 'आहे' म्हणतो, त्याच आवाजात म्हणाले.

एमआरआय थांबवला. रेडिओलॉजिस्ट मॅडमना फोन केला, त्यांनी आधी एक्स-रे काढायला सांगितला. गोळी एकवेळ शिशाची असते, शिशाला चुंबक ओढत नाही. तोफगोळ्याची किंवा मॉर्टरची किरच मात्र पोलादाची असते. एवढ्या वर्षांत तिच्याभोवती मांस घट्ट धरलेलं असतं, त्यामुळं बहुतेक वेळा ती जागची हलत नाही. पण नस किंवा मोठी रक्तवाहिनी शेजारी असेल, तर 'बहुतेक'वर कुणी पैज लावत नाही. तुकडा कसला आहे हे जुन्या कागदांवरून कळलं असतं. ते कागद एका ट्रंकेत होते आणि ती ट्रंक 2019 च्या पुरात गेली. आबांच्या गावाकडे त्या ऑगस्टात पंचगंगेनं काय केलं, ते कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको.

पडद्यावर एक्स-रे उमटला. हाड करड्या पांढऱ्या रंगाचं दिसतं, धातू मात्र डोळ्यांत घुसेल असा पांढराशुभ्र. मांडीत तीन ठिपके होते, कडा फाटलेल्या. चौथा त्रिकास्थीच्या डाव्या अंगाला, सहा-सात मिलिमीटरचा, एका टोकाला वाकलेला. नातू माझ्या मागे उभा राहून बघत होता. एकदम म्हणाला, "हे लहानपणी आम्ही पाठीवर घोडा घोडा करायचो, तेव्हा पण आत होतं?"

मॅडम म्हणाल्या, एमआरआय नको, सीटी करू. सीटीवर एक ॲक्सिडेंटची केस चालली होती, त्यामुळे अर्धा-पाऊण तास बसावं लागणार होतं. बाकीच्या पेशंटांना पुढे घेतलं आणि मधेमधे येऊन मी आबांच्या बाकावर टेकत राहिलो.

आमच्याकडे फौजी पेशंट नवे नाहीत. टेंबलाई टेकडीवर टीएची, म्हणजे प्रादेशिक सेनेची, मराठा बटालियन आहे, आणि शिरोळकडचं सैनिक टाकळी म्हणजे तर गावाच्या नावातच फौज. मी विचारलं, "आबा, मूळचे टाकळीचे का?"

"का? सगळं फौजी काय टाकळीचंच असत्यात व्हय?"

ते जंगी पलटणीतले निघाले, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. जमालपूरला होते. मला जमालपूर ठाऊक नव्हतं, एकाहत्तर म्हटलं की ढाका आणि त्र्याण्णव हजार युद्धकैदी एवढंच. नंतर घरी जाऊन वाचलं, तर आबांनी सांगितलेला शब्द न् शब्द जुळत होता. उत्तरेकडून ढाक्याला जाणारा रस्ता जमालपुरावरून जातो. गाव ब्रह्मपुत्रेच्या जुन्या पात्राच्या काठावर, तिथं पाकिस्तानची 31 बलुच पलटण ठाण मांडून बसलेली. आपल्या पलटणीने नदी ओलांडली आणि गावाला वळसा घालून दक्षिणेला, तांगाईलच्या रस्त्यावर, जाऊन बसली. कमांडर ब्रारसाहेब.

"आमच्या ब्रिगेडिअरसाबानं चिठ्ठी धाडली. शरण या म्हनून. एका म्हाताऱ्याच्या हातनं. तर तिकडनं उत्तर काय आलं? कागद. आन् कागदात गुंडाळल्याली गोळी."

हीही खरी गोष्ट आहे. ब्रिगेडिअर हरदेवसिंग क्लेर यांची चिठ्ठी, आणि गोळी पाठवणारे लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद. इतिहासात या दोघांची नावं आहेत. त्या गोळीनंतरच्या रात्री रस्त्याकडेच्या खड्ड्यात बसलेल्यांची फारशी सापडत नाहीत.

ती 10 डिसेंबरची रात्र. बलुच पलटण गाव सोडून ढाक्याकडे निघाली, आणि वाटेत हे बसलेले. नातवाला राहवेना. "मग तुमी 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' म्हनत धावला आसशीला!"

"धावतोय कुठं? गप बसायचं हुतं. खोकायचं न्हाय, बिडी न्हाय. थंडी आसली की दात वाजायचं, तर मफलर तोंडात धरून बसल्यालो. ती मान्सं चालत येत हुती, बुटांचा आवाज यायला लागला तरी गप. हुकूम न्हाय तवर गप."

"भ्या वाटलं?"

"वाटलं की. भ्या वाटाया न्हाय मी काय दगूड हाय? पर बाजूला सांगलीकडचा एक गडी हुता, त्यो हलत न्हवता. त्यो हलत न्हाय तवर मी कसा हलू? मागनं कळलं, त्यो बी माझ्याकडंच बगत हुता."

पुढचं त्यांनी चार वाक्यांत उरकलं. फायर सुरू झाला. मॉर्टरचा गोळा मागे पडला. पायात ओलं लागलं, ते पाणी वाटलं. सांगलीकरानं पट्टी आवळली आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसला, कारण पहाटेपर्यंत ते लोक पुन्हा पुन्हा येत होते. सकाळी रस्त्यावर काय दिसलं, ते विचारल्यावर आबा म्हणाले, "त्ये नगं." नातवानंही मग जोर केला नाही. शहाणं पोरगं आहे.

आबांना एकाच गोष्टीची खंत होती. पलटण पुढं गेली, तांगाईलजवळ हवाई छत्र्यांनी उतरलेल्या आपल्या 2 पॅरा या छत्रीधारी पलटणीला जाऊन मिळाली. ती 2 पॅराही मूळची मराठ्यांचीच. तिथून सगळे ढाक्यात. "आमी दवाखान्यात. ढाका बगायचं ऱ्हायलंच बगा."

पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारीला बोलावतात का गावात? बोलावतात की. शाल, नारळ, फेटा. त्याच रांगेत त्यांच्यासारखे आणखी चार बसवतात, एकाच भाषणात पाचही 'वीर जवान' होतात, पलटणीचं नाव चुकतं. शाली सुनेनं लग्नकार्यात देऊन टाकल्या. मी शाल-नारळाच्या विरोधात नाही, काहीच न करण्यापेक्षा ते बरं. पण माइकवर दहा मिनिटं शौर्य शौर्य करणाऱ्यानं खाली उतरून 'कुठं होता? काय लागलं?' एवढं विचारायला काय हरकत आहे? आबांना ते कुणी विचारलं नव्हतं. छापील फॉर्मनं विचारलं, तेही मशीनच्या आणि त्यांच्या सुरक्षेसाठी.

सीटीला त्यांना आत घेतलं. एरवी मला काचेपलीकडून माइकवर ओरडावं लागतं, "हलू नका, मामा, हलू नका." त्या दिवशी एकदाही नाही.

दरम्यान मी नातवाला कागदावर लिहून दिलं, कुठं जायचं ते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावात आहे ते. युद्धात जखमी झालेल्यांना पराक्रम पदक मिळतं. आबांचं होतं, पण तेही त्या ट्रंकेबरोबर गेलं. नंबर आठवतो का विचारल्यावर आबांनी सैनिक नंबर असा फटाफट म्हणून दाखवला की रिसेप्शनवरची मुलगी बघत राहिली. आधार कार्डाचे आकडे मात्र त्यांना एकही आठवत नव्हता.

मी एक कार्डही टाइप करून लॅमिनेट केलं. 'यांच्या शरीरात 1971 च्या युद्धातले धातूचे तुकडे आहेत. रेडिओलॉजिस्टच्या परवानगीशिवाय एमआरआय करू नये.' मॅडमनी खाली सही-शिक्का मारला. नातवानं त्याचा फोटो काढून लगेच घरच्या ग्रुपवर टाकला आणि पाच मिनिटांत तीन आत्यांचे फोन. शेवटी त्यानं मोबाईल आबांच्याच हातात दिला. आबा ओरडून सांगत होते, "आगं, मला काय झाल्यालं न्हाय!"

रिपोर्ट तीनच्या पुढं आला. मॅडम स्वतः बाहेर येऊन बसल्या. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी सरकून डाव्या नसेवर दाब आलाय, मणके झिजलेत. तो तुकडा नसेपासून लांब आहे, दुखण्याशी त्याचा संबंध नाही.

आबांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे पाकिस्तानचा काय दोष न्हाय?"

"नाही आबा. जड ओझी उचलली असतील वर्षानुवर्षं."

"वैरणीचं भारं," नातू म्हणाला. "अजून उचलत्यात. नगं म्हटलं तरी ऐकत न्हाईत."

"आता नाही उचलायचे," मॅडम म्हणाल्या.

"मग म्हशी काय टीव्ही बगून दूध द्यायच्या?" असं म्हणत आबांनी टोपी चढवली, आणि बिल कुणी द्यायचं यावरून काउंटरपाशी त्यांचं आणि नातवाचं जुंपलं.