देहू ते आकुर्डी, खिशात रोझरी

वसईचा कॅथलिक माणूस वारीला निघाला म्हटल्यावर आळीत दोनच प्रश्न आले. फादरना विचारलंस का, आणि पायात काय घालणार? दुसऱ्याचं उत्तर माझं साफ चुकलं. फादर मात्र हसले. म्हणाले, इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, हे १९६५ सालीच व्हॅटिकनच्या महासभेनं लिहून ठेवलंय. तू फक्त रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकवू नकोस.

तुकोबांची पालखी इनामदार वाड्यातून निघाली आणि एका माऊलींनी माझ्या कपाळाला बुक्का लावला. मला राखेचा बुधवार आठवला. तिथे राख लावताना सांगतात, माणसा, तू माती आहेस. इथे बुक्का लावणारा माणूस माझ्याच पायाशी वाकला. मी दचकून मागे सरलो. आमच्याकडे पाय धुण्याचा विधी वर्षातून एकदा, पवित्र गुरुवारी. इथे तर दर दहा पावलांवर चाललं होतं.

पालखीची पहिली अभंग आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होते. तिथे केळी वाटणाऱ्या चाचांनी माझ्या हातातली रोझरी, आमची जपमाळ, पाहिली. ‘ईसा आमचेपण पैगंबर,’ ते म्हणाले. मरियमच्या नावाची सुरा कुराणात आहे, हे मलाही ठाऊक होतं. पण त्याच कुराणात ईसाला क्रुसावर मारलं गेलंच नाही असं आहे, आणि माझा सगळा विश्वास त्या शुक्रवारवर आणि त्यानंतरच्या रविवारवर उभा. शेजारच्या शेताचा बांधच जास्त कोरला जातो, तसं हे. चाचांनी विषय वाढवला नाही, दोन केळी जास्त दिली.

चालता चालता हिशेब मांडत होतो. मुसलमानाला ऐपत आणि तब्येत असेल तर आयुष्यात एकदा हज फर्जच. आम्हाला मिस्सा सक्तीची, यात्रा नाही. आम्ही नवस बोलून वांद्र्याच्या मोतमाऊलीला, म्हणजे माउंट मेरीला जातो, मेणबत्ती लावतो, काहीतरी मागतो. वारकऱ्याचं तिसरंच. नवस नाही, फर्ज नाही, नेम. काय मागितलंत, असं मी दिंडीत चौघांना विचारलं. चौघांनीही माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं.

देहूरोडला माझा जुना सहकारी पाण्याची पिंपं घेऊन उभा. तो बौद्ध. इथल्या विहारात बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसवली ती २५ डिसेंबर १९५४ ला, म्हणजे नेमक्या आमच्या नाताळला. पंढरीचा विठोबा म्हणजे बुद्धच, असंही ते तेव्हा म्हणाले होते. ‘मग पालखीला हात जोडतोस?’ मी विचारलं. ‘नाही. बावीस प्रतिज्ञा घेतल्यात. पाणी देतो.’ मग त्यानंच विचारलं, ‘तुमच्यात कन्फेशन केलं की पाप माफ, हे खरं?’ मी म्हटलं, पश्चात्ताप खरा असेल तर. तो म्हणाला, ‘आमच्यात माफ करणाराच कुणी नाही. केलं ते आपल्यालाच निस्तरायचं.’ हे ऐकून मला आधी हायसं वाटलं, आपल्याकडे कुणीतरी आहे म्हणून. आणि निगडी येईपर्यंत जरा लाजही वाटली. सगळे धर्म सारखेच, असं पाहुणचाराच्या भाषणात बोलतात. चार तास एका रस्त्यानं चाललं की ते बोलवत नाही.

आकुर्डीच्या मुक्कामात, पायाला फोड आलेले, मी रोझरी म्हणत बसलो. शेजारच्या पथारीवर परभणीकडच्या आजी. त्यांनी माळ हातात घेतली, बोटांनी मणी चाचपत मोजले. एकोणसाठ. ‘निम्मीच की रं! आमची एकशे आठाची.’ मग टोकाचा क्रूस दिव्याकडे धरला. ‘ह्यो तुमचा देव? ह्याला कुणी मारलं?’

मी सांगितलं, जमेल तसं. मरण, तिसऱ्या दिवशी उठणं, आणि आम्हाला एकच जन्म, मग न्याय.

‘एकच?’ आजी उठून बसल्या. ‘मंग पुढच्या जल्माच्या वारीचं कसं?’

मी गप्प. त्यांनी माळ माझ्या हातात ठेवली, फोडांना लावायला खोबरेल तेलाची बाटली सरकवली आणि कूस वळवली.