हिप्परग्याच्या तळ्यावर मरळ बघायला

श्रावणातल्या एका रविवारी, पहाटे साडेपाचला सोलापुरातून निघालो. तुळजापूर रस्त्याला सातआठ किलोमीटरवर एकरुखचं, म्हणजे आपलं हिप्परग्याचं तळं. पहिला तासभर बांधावरच गेला. मग जाळं सोडवत बसलेले एक काका म्हणाले, "मरळ बघायचीय व्हय? मग हितं काय करताय? तिकडं पाणकणसात जावा."

आपली साधी मरळ उघड्या, खोल पाण्यात क्वचितच दिसते. तिला काठचं उथळ, गवताळ पाणी लागतं. पाणकणसाच्या बेटाशी न हलता बसलो. अर्ध्या तासाने पाणी 'बुळुक्' वाजलं, सापासारखं चपटं डोकं वर आलं आणि हवेचा घोट घेऊन खाली गेलं. मरळीच्या कल्ल्यांवर हवा भरून घ्यायची पोकळी असते. पाण्यातल्या प्राणवायूवर तिचं भागत नाही. म्हणून तर डबकं आटलं तरी ती ओल्या चिखलात तग धरते, आणि बाजारात घमेल्यात जिवंत मिळते.

थोड्या वेळाने हातभर अंतरावर कुंकू सांडल्यासारखं काहीतरी हललं. पिल्लं होती ती! लालकेशरी, शेकड्यांनी, एकमेकांना चिकटून. खाली आईबाप राखणीला.

मरळीच्या साऱ्या कुळाचं मूळ घर दोनच खंडांत. आफ्रिकेत मोजून तीन जाती. बाकी सारा गोतावळा आशियात, इराणपासून इंडोनेशियापर्यंत आणि उत्तरेला थेट रशिया-चीन सीमेवरच्या अमूर नदीपर्यंत. आपल्या ईशान्य भारतात तर किती तरी जाती आहेत. अमेरिकेत हे मासे माणसानेच नेले. २००२ साली मेरीलँडमधल्या क्रॉफ्टनच्या तळ्यात एक जात सापडली, तेव्हा तिला संपवायला अख्ख्या तळ्यात विष टाकलं होतं. आणि आपल्याकडे उजनीत आफ्रिकेची चिलापी माजलीय! परक्या पाण्यात सोडलेला मासा काय करतो ते दोन्हीकडे दिसतं.

जाणार असाल तर जुलै ते सप्टेंबरमध्ये, सूर्य पाठीशी ठेवून बसा. पोलराइज्ड गॉगल नक्की न्या, पाण्यावरची चकाकी मरते आणि पिल्लं स्पष्ट दिसतात. काळ्या मातीत चप्पल रुतते, पट्ट्याचे सँडल बरे. तुळजापूरच्या एसटीने जाताना कंडक्टरला आधीच सांगून ठेवा.

आणि लाल पिल्लं दिसली की तिथे गळ टाकू नका. आईबाप गेले की बाकीचे मासे पिल्लांचा फडशा पाडतात. आम्ही निघालो तेव्हा दोन पोरं गळ घेऊन तिकडेच येत होती. थांबून त्यांना तो लाल पुंजका दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली, मग गळ गुंडाळून बांधाकडे गेली.