वार खाली, आधीचं सिझर: दुसऱ्या सल्ल्यासाठी केलेला प्रवास

बत्तिसाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत वार (बाळाला पोषण पुरवणारी प्लॅसेंटा) गर्भाशयाच्या तोंडावरच दिसली. रिपोर्टच्या तळाशी आणखी एक ओळ होती: आधीच्या सिझरच्या व्रणात वार रुतल्याची शंका. २० आठवड्यांच्या सुमारास वार खाली असल्याचं बऱ्याच जणींना सांगतात. गर्भाशय वाढतं तशी बहुतेकींची वर सरकते. माझी सरकली नव्हती. रुतलेली वार प्रसूतीच्या वेळी सुटून येत नाही आणि रक्तस्राव जिवावर बेतू शकतो. म्हणून या एका ओळीसाठी दुसऱ्या शहरातल्या फीटल मेडिसिन (पोटातल्या बाळाच्या तपासण्या-उपचारांच्या) तज्ज्ञांकडे जायचं ठरवलं.

आमच्या डॉक्टरांना तसं सरळ सांगितलं. त्यांनी स्वतः चिठ्ठी लिहून दिली, फोन करून वेळही घेतली. लपवून जाऊ नका, हे मी कळकळीने सांगते. रात्री-अपरात्री काही झालं तर धावत जायचं ते याच डॉक्टरांकडे. प्रवासाची परवानगीही त्यांचीच घ्या. अंगावरून रक्त जात असेल किंवा कळा येत असतील तर सल्ला राहू द्या, जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. प्रवासाला मनाई असेल तर रिपोर्ट पाठवून व्हिडिओवरही बरंच बोलता येतं.

आम्ही गाडीने गेलो. सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटाखाली, मांड्यांवरून घ्यायचा. वरचा छातीच्या मधून, पोटाच्या कडेने. गरोदरपणात पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, त्यामुळे अधूनमधून उतरून चालत होते. वाटेत रक्ताची सोय असलेली हॉस्पिटलं कुठे आहेत, ते नवऱ्याने आधीच पाहून ठेवलं होतं.

फाईल तारखेप्रमाणे लावा. पहिल्या तिमाहीची सोनोग्राफी हवीच, कारण आठवड्यांचा सगळा हिशोब तिच्यावर चालतो. रक्तगट, हिमोग्लोबिन, बीपीच्या नोंदी. आणि आधीच्या सिझरचे ऑपरेशनचे कागद! ते मिळवायला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि तज्ज्ञांनी पहिल्यांदा मागितले तेच.

तपासणीआधी लघवीला जाऊ नका म्हणाले, कारण मूत्राशय थोडं भरलेलं असलं की व्रणाची जागा नीट दिसते. तज्ज्ञ डॉक्टरांनी प्रोब (सोनोग्राफीचं पोटावर फिरवायचं उपकरण) अगदी हलका टेकवला. दाबला तर जी रेघ शोधायची तीच पुसल्यासारखी होते, असं त्यांनी समजावलं. वार आणि गर्भाशयाचा स्नायू यांच्यामधली ती बारीक काळी रेघ त्यांनी स्क्रीनवर बोटाने दाखवली. बहुतेक ठिकाणी ती सलग होती, व्रणापाशी एका जागी पुसट. नंतर योनीमार्गातून सोनोग्राफी झाली. वार खाली असताना तिची भीती वाटते, पण प्रोब गर्भाशयाच्या तोंडात शिरत नाही आणि तोंडापासून वारेचं अंतर याच पद्धतीने जास्त अचूक कळतं.

“शंका कमी झाली, पण गेली नाही. तयारी मात्र रुतली आहे असं धरूनच करायची,” असं त्या म्हणाल्या. मला हे उत्तर प्रामाणिक वाटलं. खोटा दिलासा घेऊन परतले असते तर पुढची तयारी ढिली पडली असती.

प्रश्न कागदावर लिहून न्या. सिझर कितव्या आठवड्यात? (रुतल्याची शंका असेल तर साधारण ३४ ते ३६च्या दरम्यान ठरवतात.) बाळाच्या फुफ्फुसांसाठी इंजेक्शन कधी? रक्त किती राखून ठेवणार? गर्भाशय काढायची वेळ आली तर निर्णय कोण घेणार आणि तेव्हा कोणते सर्जन हजर असतील? हा शेवटचा प्रश्न विचारताना माझा आवाज कापला, तरी विचारला. उत्तरं नवऱ्याने जागेवरच लिहून घेतली. त्या खोलीत ऐकलेलं निम्मं माझ्या लक्षात राहिलं नसतं.

लेखी सल्ला आमच्या डॉक्टरांना दिला. दोघी फोनवर बोलल्या आणि नाव रक्तपेढी व नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या हॉस्पिटलात घातलं. आता त्याच्या जवळच खोली घेतली आहे, कारण वार खाली असताना रक्तस्राव पूर्वसूचना न देता, दुखल्याशिवायही सुरू होतो. नाव लांबच्या हॉस्पिटलात घालणार असाल तर ही राहायची सोय परतण्यापूर्वीच पाहून या.