कला-इतिहासकार नेमकं करतो काय?

जुन्या चित्रासमोर उभं राहून 'वा!' म्हणण्यापलीकडे हे लोक करतात तरी काय, असं बरेच जण विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून मायकल बॅक्सँडॉल या ब्रिटिश कला-इतिहासकाराचं काम सांगतो. जन्म १९३३, कार्डिफचा. केंब्रिजला इंग्रजी साहित्य शिकले, मग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये शिल्पविभागात लागले आणि पुढे वॉरबर्ग इन्स्टिट्यूट या तिथल्याच संशोधन संस्थेत गेले. २००८ साली वारले.

ते चित्राआधी करारनामा वाचत. फ्लॉरेन्सच्या अनाथालयाने १४८५ मध्ये दोमेनिको गिर्लांदायो या चित्रकाराला चर्चच्या वेदीवरचं चित्र सांगितलं. किंमत ११५ फ्लोरिन (तिथलं सोन्याचं नाणं), दरमहा ३ फ्लोरिनचा हप्ता, मुदत ३० महिने, उशीर झाल्यास १५ फ्लोरिन दंड. रंगसामान चित्रकाराचंच. आणि निळा रंग औंसाला सुमारे ४ फ्लोरिन दराचा अल्ट्रामरीन हवा! नुसतं 'निळा' लिहून का भागत नव्हतं? हा रंग अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडाचा. दगडाची पूड मेण आणि राळेच्या गोळ्यात मळायची, मग तो गोळा क्षारपाण्यात दाबत राहायचं. पहिल्या खेपेला गडद, महागडा निळा सुटतो. पुढच्या खेपांना फिका, शेवटी राखाडी. शिवाय तांब्याच्या खनिजापासून केलेला स्वस्तातला निळाही मिळे, आणि तो पुढे हिरवट पडण्याची भीती. म्हणून दरच लिहून घेतलेला बरा.

पण त्याच शतकात गिऱ्हाईक हळूहळू मालाऐवजी हाताच्या कसबाचे पैसे मोजू लागलं, हे बॅक्सँडॉल यांनी दाखवलं. १४९९ मध्ये इटलीतल्याच ओर्व्हिएतोच्या कॅथेड्रलमधल्या चित्रांचं काम घेताना चित्रकार सिन्योरेल्लीवर अट होती: चेहरे आणि आकृत्यांचा कमरेवरचा भाग त्याने स्वतःच रंगवायचा. खालचं हाताखालच्यांनी केलं तरी चालेल, असाच त्याचा अर्थ.

पिंपाचं माप नजरेने काढणारा व्यापारी चित्रातले आकारही तसेच मोजत असणार, हे त्यांचं म्हणणं मात्र मला थोडं ताणलेलं वाटतं. सगळेच गिऱ्हाईक काही हिशोबी नसतात.

१९८० साली त्यांचं जर्मन लाकडी मूर्तींवरचं पुस्तक आलं. लाकूड लाइमच्या झाडाचं (लिंबाचं नव्हे): मऊ, एकसारख्या पोताचं. पण कुठलंही खोड वाळताना गाभ्याच्या दिशेपेक्षा घेराच्या दिशेने जास्त आकसतं. गाभा आत ठेवून अख्ख्या ओंडक्यातच मूर्ती कोरली, तर बाहेरून गाभ्यापर्यंत चीर जाते, आणि ती नेमकी चेहऱ्यावर आली की काम वाया. म्हणून मागची बाजू खोदून गाभा काढून टाकत. भिंत पातळ उरली की ताण कमी होतो. तिल्मान रीमेनश्नायडर या मूर्तिकाराने म्युन्नरश्टाट गावच्या चर्चमधली वेदीवरची लाकडी शिल्पं १४९२ पर्यंत रंगाविना पुरी केली. गावाला ते काही पचलं नाही. पुढे फाइट श्टोस या दुसऱ्या मूर्तिकाराकडून ती रंगवून घेतली.

म्युझियममध्ये अशी मूर्ती भिंतीपासून सुटी ठेवलेली असेल तर मागे जाऊन बघाच. पाठ पोकळ असते. डोक्यावरही कधीकधी भोक किंवा खुंटी सापडते: कोरताना ओंडका आडवा ठेवून दोन्ही टोकांना अडकवत, तिथली.