तुम्ही विचारलंत म्हणून : एवढ्याशा डब्यात गेमिंग पीसी तापत नाही का?

माझा पीसी मॉनिटरशेजारी टेबलावरच असतो. तो पाहिला की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "एवढ्याशा डब्यात एवढं मोठं ग्राफिक्स कार्ड? तापत नाही का?" मी नागपूरचा आहे हे कळलं की लगेच दुसरा, "मग मे महिन्यात काय करता?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि उत्तर एका ओळीत मावत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

तापतो. गेम खेळणारा कुठलाही पीसी तापतोच. प्लगमधून घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत येते, मग कॅबिनेट दहा लिटरचं असो की साठ. पीसीने ३५० वॅट घेतले की खोलीत ३५० वॅटचा हीटर लागला, एवढं सरळ आहे. प्रश्न उरतो तो ही उष्णता आतल्या भागांपासून किती लवकर आणि किती सरळ वाटेने बाहेर निघते याचा.

"मोठ्या कॅबिनेटमध्ये हवा जास्त, म्हणून ते थंड" असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही, आणि हिशोब केला तर तुम्हालाही पटणार नाही. एक किलो हवा एक अंशाने तापवायला साधारण १,००० जूल लागतात. आत शिरलेली हवा १० अंशांनी तापून बाहेर पडते असं धरलं, तर ३५० वॅट वाहून न्यायला सेकंदाला सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे ३० लिटर हवा लागते. म्हणजे दहा लिटरच्या डब्यातली हवा सेकंदाला तीन वेळा बदलायला हवी. साठ लिटरचं कॅबिनेट असेल तरी आतला साठा दोन सेकंदांत संपतो. आत हवा किती मावते याला महत्त्वच नाही, ती किती वाहते यावर सगळं अवलंबून आहे. मोठ्या कॅबिनेटचा खरा फायदा वेगळा आहे : तिथे वाट थोडी वाकडी असली तरी खपून जाते. छोट्यात खपत नाही.

कूलरवर उन्हाळा काढणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. खिडकीत कूलर लावला आणि समोरचं दार घट्ट बंद केलं, की पंखा कितीही जोरात फिरो, खोली नुसती दमट होते. दार चार बोटं उघडलं की झुळूक सुरू. छोट्या कॅबिनेटमध्ये मी सगळ्यात जास्त जीव टाकतो तो या समोरच्या दारावर.

माझं कॅबिनेट फ्रॅक्टल कंपनीचं टेरा आहे, १०.४ लिटरचं, समोर अक्रोडाच्या लाकडाची पट्टी असलेलं. आतली मांडणी सँडविच पद्धतीची : मधोमध एक उभी पत्र्याची भिंत, तिच्या एका अंगाला मदरबोर्ड आणि दुसऱ्या अंगाला ग्राफिक्स कार्ड, दोघांची पाठ एकमेकांकडे. मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स, १७० बाय १७० मिलिमीटर. हा आकार व्हाया कंपनीने २००१ मध्ये आणला, तेव्हा तो कमी विजेच्या साध्या कामांसाठी होता. त्यावर गेमिंगचा डोलारा उभा करायची हौस पुढे आली. डॅनियल हॅन्सन या जर्मन माणसाने काढलेल्या डॅन ए४-एसएफएक्स या ७.२ लिटरच्या कॅबिनेटने सँडविच मांडणी लोकप्रिय केली, आणि आज छोटी कॅबिनेटं बनवणारे बरेच जण तीच वाट चालतात.

टेरातली ती मधली भिंत सरकते, आणि मला या कॅबिनेटची सगळ्यात आवडणारी गोष्ट तीच. एका टोकाला सरकवली तर प्रोसेसरच्या हीटसिंकला, म्हणजे त्याची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पात्यांच्या ठोकळ्याला, ७७ मिमी उंची मिळते आणि कार्डाला ४३ मिमी जाडी. दुसऱ्या टोकाला हीटसिंकला ४८ आणि कार्डाला ७२. बेरीज दोन्हीकडे १२० च. एकाला दिलेला प्रत्येक मिलिमीटर दुसऱ्याच्या वाट्यातून जातो. म्हणून आधी कार्ड ठरवायचं, मग भिंत, मग हीटसिंक. माझ्याकडे आरटीएक्स ४०७० सुपर आहे, दोन स्लॉटचं (कॅबिनेटच्या मागच्या दोन खाचांची जागा घेणारं), जेमतेम ४० मिमी जाडीचं. त्यामुळे प्रोसेसरवर थर्मलराइटचा ६७ मिमीचा एएक्सपी१२०-एक्स६७ बसला. प्रोसेसर रायझन ७ ७८००एक्स३डी.

हीटसिंकवरचा पंखा कडेच्या जाळीतून बाहेरची हवा ओढतो आणि खाली बोर्डावर फेकतो. पंखा आणि जाळी यांच्यामध्ये काही मिलिमीटरची फट राहते. दिसायला ती अगदी क्षुल्लक, पण पंखा जिथून सोपं पडेल तिथून हवा घेतो. जाळीच्या बारीक भोकांतून ओढण्यापेक्षा त्या फटीतून, हीटसिंकच्या कडेने नुकतीच बाहेर पडलेली गरम हवा पुन्हा ओढणं त्याला सोपं जातं. मग तीच हवा गोल गोल फिरत राहते आणि आपण पंख्याचा वेग वाढवत बसतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर उदबत्ती घ्या. गेम चालू ठेवा, पाच-दहा मिनिटं पीसी नीट तापू द्या, आणि उदबत्ती कडेच्या जाळीपासून बोटभर अंतरावर धरा. धूर सरळ आत खेचला गेला पाहिजे. मग ती कॅबिनेटच्या वरच्या कडेला धरा. इथे धूर वर उडून जायला हवा. तो वळून खाली येत असेल आणि पुन्हा कडेच्या जाळीत शिरत असेल, तर बाहेर टाकलेली हवा तुम्ही परत आत घेताय. बहुतेक वेळा त्याला कारण शेजारची भिंत किंवा पुस्तकांचा गठ्ठा असतो. पीसीच्या दोन्ही अंगांना वीतभर जागा मोकळी सोडली की धुराची दिशा बदलते.

फटीवरचा उपाय साध्या फोमचा. स्टेशनरीच्या दुकानात क्राफ्टसाठी मिळणारी ईव्हीए फोमची शीट पुरते. फट मोजायला कागदाची घडी घालायची आणि जाळी लावल्यावर ती जेमतेम अडकेल इतक्या घड्या वाढवायच्या. त्या जाडीपेक्षा किंचित जास्त फोम घ्यायचा, म्हणजे जाळी बसताना तो थोडा दबतो. पंख्याच्या चौकटीएवढा चौकोन, आत पंख्याच्या वर्तुळाएवढं भोक, कडेची पट्टी साधारण बोटभर रुंद. पाती घासत नाहीत ना, हे हाताने फिरवून बघायचं. एवढ्यावर माझ्या प्रोसेसरचं तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं, आणि पंखा हळू फिरूनही. नवा महागडा पंखा घेऊन इतका फरक क्वचितच पडतो.

आता मला मनापासून सांगायची आहे ती गोष्ट : उष्णता बाहेर काढत बसण्यापेक्षा ती मुळात कमी निर्माण करणं जास्त सोपं आहे. कार्ड कारखान्यातून निघतं तेव्हा शेवटचे काही टक्के वेग मिळवण्यासाठी त्याला भरपूर व्होल्टेज दिलेलं असतं. चिप खाते ती वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे १.०५ व्होल्टऐवजी ०.९५ वर तोच वेग पेलला, तर चिपची वीज सुमारे १८ टक्क्यांनी उतरते. वेगही थोडा खाली आणला तर आणखी. यालाच अंडरव्होल्टिंग म्हणतात. त्यात कार्डाला इजा होण्यासारखं काही नाही. फार तर गेम बंद पडतो आणि सेटिंग पूर्ववत करावं लागतं.

एमएसआय आफ्टरबर्नर हे कार्डाची सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर उघडा आणि कंट्रोल व एफ दाबा. व्होल्टेज आणि वेग यांचा वक्र दिसेल, त्यावर टिंबं टिंबं असतात. ९५० मिलिव्होल्टचं टिंब धरून वर ओढा. माझ्या कार्डावर मी ते २,५५० मेगाहर्ट्झच्या जवळ ठेवलंय. त्याच्या उजवीकडची सगळी टिंबं त्याच उंचीवर सपाट करा, म्हणजे कार्ड त्यापुढे जाणार नाही. मग तुमचा सगळ्यात जड गेम खेळा, आणि तास-दोन तास खेळा, कारण चुकीचं सेटिंग पाच मिनिटांत उघडं पडेलच असं नाही. गेम पडला तर टिंब थोडं खाली. २२० वॅटचं माझं कार्ड आता १७० च्या आसपास राहतं. फ्रेम्स (पडद्यासाठी सेकंदाला तयार होणारी चित्रं) थोड्या कमी होतात, आकडा समोर ठेवला नाही तर मला तरी खेळताना ओळखू येत नाहीत. पण ते पन्नास वॅट डब्यातून आणि खोलीतूनही कायमचे गेले, आणि पंख्यांना त्यांच्यासाठी ओरडावं लागत नाही. पंख्याचा वेग दुप्पट झाला की आवाज साधारण १५ डेसिबलने चढतो, त्यामुळे थोडा वेग उतरला तरी कानाला लगेच जाणवतं.

फ्रेम्सना मर्यादाही घाला. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर २०० फ्रेम्स काढून कार्ड उगाच राबतं. जुन्या हलक्या गेममध्ये तर या एका सेटिंगने वीज निम्म्यावर येऊ शकते.

प्रोसेसरबद्दल लोक विनाकारण घाबरतात. ७८००एक्स३डी कागदावर १२० वॅटचा असला तरी गेममध्ये त्याच्या जवळपास निम्मीच वीज घेतो. तरी तापमान ऐंशीच्या घरात दिसतं. याचं कारण उष्णता नखाएवढ्या चिपमधून निघते, आणि या पिढीत जादाची कॅश मेमरी (प्रोसेसरची जवळची वेगवान मेमरी) त्या चिपच्या डोक्यावर बसवलेली आहे, त्यामुळे उष्णतेला वर यायला आणखी एक थर पार करावा लागतो. पुढच्या ९८००एक्स३डीत एएमडीने ती कॅश खाली नेली. ७८००एक्स३डीची मर्यादा ८९ अंश आहे, तिथे तो आपणहून वेग कमी करतो. ८२ अंशांवरचा ६० वॅटचा प्रोसेसर खोली जेवढी तापवतो, त्याच्या तिप्पट-चौपट ७० अंशांवरचं २२० वॅटचं कार्ड तापवतं. तापमान आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा मनात बसलं की निम्मी चिंता संपते. बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचं व्होल्टेज उतरवायची सोय) उणे १५-२० वर नेऊन बघा, तेवढं पुरतं.

लक्ष ठेवायचं ते एसएसडीवर, म्हणजे विंडोज, गेम आणि फाइली साठवणाऱ्या ड्राइव्हवर, आणि तिच्याकडे कुणाचं जात नाही. बऱ्याच मिनी-आयटीएक्स बोर्डांवर दुसरी एसएसडी बोर्डाच्या पाठीला लागते. सँडविच मांडणीत ती जागा म्हणजे बोर्ड आणि कार्ड यांच्या मधली कोंडलेली फट. विंडोज आणि गेम पुढच्या स्लॉटमध्ये ठेवा, मागे फोटो-व्हिडिओचा साठा.

पाण्याने थंड करायचं का, असंही विचारतात. पाणी उष्णता गिळत नाही, ती रेडिएटरपर्यंत नेतं, आणि तिथे पुन्हा हवाच लागते. रेडिएटरला जागा असेल तर उष्णता थेट कडेला नेऊन बाहेर टाकता येते, हा फायदा खरा आहे. पण ६० वॅटच्या प्रोसेसरसाठी दहा लिटरात पंप आणि नळ्या कोंबायला माझा विरोध आहे.

आता मे महिना. परदेशी परीक्षणांत खोली बहुधा २१-२२ अंशांची असते. तुमची खोली ३४ वर असेल तर त्यांच्या प्रत्येक आकड्यात बारा अंश मिळवायचे, त्यातून सुटका नाही. बाहेर ४५ असताना कूलरवर माझी खोली तिशीच्या वरच असते आणि कार्ड ७८-८० दाखवतं. तेवढं चालतं. कूलरच्या दमटपणाने पीसी बिघडत नाही, कारण चालू पीसीचे भाग खोलीपेक्षा गरम असतात आणि त्यांच्यावर पाणी साचत नाही. मात्र कूलरच्या थेट झोतात तो ठेवू नका. बोअरच्या जड पाण्याचे तुषार सुकले की जाळीवर आणि हीटसिंकवर पांढरा थर उरतो. उन्हाळ्यासाठी आफ्टरबर्नरमध्ये मी वेगळं प्रोफाइल ठेवलंय, ०.९ व्होल्टचं. धूळ काढताना ब्लोअर मारायच्या आधी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, मोकळी सोडली तर ती नको तेवढ्या वेगाने गरगरतात आणि बेअरिंगचं नुकसान होतं.

आणि आरटीएक्स ५०९०? ते ५७५ वॅटचं आहे. वरचाच हिशोब लावला तर त्या एकट्याला सेकंदाला ५० लिटर हवा हवी. एनव्हिडियाचं स्वतःचं मॉडेल दोन स्लॉटचं आहे खरं, पण त्याचे पंखे हवा आरपार पाठीमागे फेकतात, आणि सँडविच मांडणीत पाठीमागे नेमकी ती मधली भिंत येते. विदर्भात तरी मी ते दहा लिटरात घालणार नाही. २५० वॅटपर्यंतचं कार्ड बेलाशक घ्या. ३०० च्या आसपासचं असेल तर अंडरव्होल्ट करायची तयारी ठेवूनच. त्यापुढे चौदा-पंधरा लिटरचं, कार्डाच्या पाठीला मोकळी वाट देणारं कॅबिनेट बघा.

दुकानात गेलात की कार्डाची जाडी मिलिमीटरमध्ये विचारा. "दोन स्लॉट" एवढंच सांगतील, आणि त्या नावाखाली ४० मिमीचंही कार्ड येतं आणि ५० मिमीचंही. खोक्यावर नसेल तर कंपनीच्या माहितीपत्रकात आकडा मिळतो. तो हातात येईपर्यंत हीटसिंक मागवू नका.