माझा अनुभव : दोन घरांच्या मधल्या काळात वाइन कशी ठेवावी (इंदूर)

जुनं घर सोडलं, नव्याचं काम चालू आहे आणि मधले महिने भाड्याच्या फ्लॅटमध्ये काढायचे आहेत. फर्निचरला गोदाम मिळतं आणि पुस्तकं नातेवाइकांकडे जातात. वाइनच्या बाटल्यांसाठी मात्र इंदुरात तयार सोय सापडत नाही, ती स्वतःच उभी करावी लागते. इथे लिहितो आहे ते तीस-चाळीस बाटल्यांच्या आतल्या घरगुती साठ्याबद्दल.

पहिली गोष्ट तापमानाची. १२ ते १४ अंश हे आदर्श, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मधल्या काळात त्याहून महत्त्वाचं आहे ते तापमान न हलणं. माळव्याच्या रात्री थंड, ‘शब-ए-माळवा’ म्हणून नावाजलेल्या. आपल्याला सुख देणारी हीच गोष्ट वाइनला मारक ठरते, कारण मे महिन्यात दुपारी ४० आणि पहाटे २५ असा फरक रोजचा असतो. ७५० मिलीच्या बाटलीतला द्रव दर १० अंशांमागे साधारण २ मिलीने फुगतो आणि बुचाखालची मोकळी जागा जेमतेम ४-५ मिली असते. रोज फुगणं, रोज आकसणं असं चालू राहिलं की बूच ढिलं पडतं. फुगताना वाइन कडेने झिरपते, आकसताना हवा आत ओढली जाते. बुचाचं टोक तोंडाच्या वर आलेलं दिसलं किंवा वेष्टणाखाली चिकट ओघळ लागला, की ती बाटली लगेच प्यायच्या यादीत घालावी. बारा महिने २० अंशांवर पडून असलेली वाइन थोडी लवकर पिकते, एवढंच. १५ आणि ३० च्या मध्ये हेलकावे खाणारी बिघडते.

म्हणून जागा ठरवण्याआधी मोजावं, आणि मोजायचं ते हवेचं नाही, बाटलीतलं तापमान. रिकाम्या बाटलीत पाणी भरून वायरवाल्या डिजिटल थर्मामीटरचा सेन्सर आत सोडायचा, तोंड टेपने बंद करायचं आणि ज्या जागेचा विचार आहे तिथे ती बाटली आठवडाभर ठेवायची. कमाल-किमान आकडे लक्षात ठेवणारं थर्मामीटर घ्यावं. चोवीस तासांतला फरक ३ अंशांच्या आत असेल तर जागा कामाची. फ्रिजच्या डोक्यावर, माळ्यावर, पश्चिमेच्या भिंतीला लागून किंवा वरच्या मजल्यावर गच्चीखाली हा आकडा कधीच जमत नाही. तळमजल्यावरची, उत्तरेची, बाहेरची भिंत नसलेली खोली आणि त्यातही कपाटाचा सर्वांत खालचा कप्पा, हे जमतं. जुनी इंदूर किंवा मल्हारगंज भागात कोणा आप्ताचा जाड भिंतींचा वाडा अजून उभा असेल, तर त्याच्या आतल्या खोलीत ही पाण्याची बाटली ठेवून बघण्यासारखी आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ असेल तर अशा जागेत, थर्मोकोलच्या खोक्यात बाटल्या आडव्या ठेवल्या की काम भागतं. बारा बाटल्या म्हणजे नऊ लिटर द्रव. थर्मोकोलच्या आत तो इतका सावकाश तापतो की दिवस-रात्रीचा फरक जवळपास पुसला जातो. मात्र थर्मोकोल थंडावा निर्माण करत नाही. मे महिन्यात आतलं तापमान दिवसाच्या सरासरीवर, म्हणजे तिशीच्या पुढे जाऊन थांबतं. तेव्हा यंत्र लागतंच.

यंत्र घ्यायच्या आधी साठा कमी करावा. भारतीय पांढऱ्या वाइन, म्हणजे नाशिककडच्या सोव्हिन्यों ब्लां, शेनां ब्लां, बहुतेक वर्ष-दोन वर्षांत प्यायच्याच असतात. त्या सांभाळत बसण्यात अर्थ नाही. गुलाबी वाइनचं, म्हणजे रोझेचंही तेच. राखायच्या त्या लाल आणि दमदार : सुलाची रासा, फ्रातेल्लीची सेट्टे, ग्रोव्हरची ला रिझर्व, आणि असतील तर परदेशी. फेसाळ वाइनकडे वेगळं लक्ष द्या. तिच्या बाटलीत मुळातच ५ ते ६ वातावरणांचा दाब असतो आणि उष्णतेने तो वाढतो, म्हणून थंड जागेतला पहिला हक्क तिचा. उरलेल्या बाटल्या स्नेह्यांसोबत संपवाव्यात. विकता येत नाहीत, त्याला लायसन्स लागतं.

कायद्याचा भाग इथेच उरकतो. घरात किती साठा ठेवता येतो ते मध्य प्रदेशाच्या आबकारी धोरणात ठरतं. हे धोरण दरवर्षी १ एप्रिलला नवं लागू होतं, म्हणून जुन्या आकड्यावर विसंबू नये, चालू वर्षाचा आकडा जिल्हा आबकारी कार्यालयातून घ्यावा. बिलं जपून ठेवावीत. बाटल्या काही महिने नाशिकच्या भावाकडे पाठवू, असा विचार मनात येतो, पण परवान्याशिवाय दारू राज्याची हद्द ओलांडून नेता येत नाही आणि महाराष्ट्राच्या सीमेवरच्या बिजासन घाटात तपासणी होऊ शकते. बडोद्याच्या नातेवाइकांचा तर प्रश्नच नाही, गुजरातेत दारूबंदी आहे.

आता वाइन फ्रिज. दुकानात दोन जातीचे मिळतात आणि इंदुरात त्यातला एकच चालतो. थर्मोइलेक्ट्रिक फ्रिज आवाज करत नाही, थरथरत नाही, पण खोलीपेक्षा फार तर १२-१५ अंश खाली जातो. खोली ३८ वर असेल तर आत २३-२६. म्हणून कॉम्प्रेसरवालाच घ्यावा, आणि मागच्या पट्टीवरचा हवामान वर्ग वाचूनच. ‘एन’ ३२ अंशांपर्यंत, ‘एसटी’ ३८ पर्यंत, ‘टी’ ४३ पर्यंतच्या खोलीसाठी असतो. आपल्याला ‘टी’ हवा, निदान ‘एसटी’. मागे आणि बाजूंना चार बोटं मोकळी सोडावीत, नाहीतर कॉम्प्रेसर अखंड चालत राहतो आणि तरी आतलं तापमान उतरत नाही. घर बदलताना फ्रिज आडवा झाला असेल तर नव्या जागी उभा करून चोवीस तासांनी सुरू करावा, म्हणजे कॉम्प्रेसरचं तेल जागेवर परततं. स्टॅबिलायझर हवाच. आत जागा उरली तर पाण्याच्या बाटल्या भराव्यात. भरलेला फ्रिज वीज गेल्यावर कितीतरी जास्त वेळ थंड राहतो.

फ्रिज परवडत नसेल तर छोटी खोली, एक टनाचा इन्व्हर्टर एसी, २२ अंशांवर कायम, पडदे ओढलेले, आणि बाटल्या थर्मोकोलच्या खोक्यात. रात्री एसी बंद करून सकाळी लावणं, हे मुळीच न लावण्यापेक्षा वाईट असू शकतं, कारण हेलकावा परत येतो. कूलरवर भिस्त ठेवू नये, पावसाळ्यात तो हवा ओली करतो आणि थंड करत नाही. घरच्या साध्या फ्रिजमध्ये महिना-दीड महिना चालतं. त्यापुढे आतल्या कोरड्या हवेने बूच सुकू लागतं. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्यांना ही भीती नाही, त्या उभ्या ठेवल्या तरी चालतात.

बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजचं नाव बरेच जण सुचवतात, आणि माळव्यात तशी गोदामं खूप आहेत. चिप्सचा बटाटा १०-१२ अंशांवर ठेवतात, म्हणजे आकडा वाइनला अगदी जुळतो. पण तिथे कोंब येऊ नयेत म्हणून सीआयपीसी नावाच्या रसायनाचा धूर देतात, आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर असते, लेबलं बुरशीने जातात आणि पोत्यांचा वास बुचात शिरतो. शिवाय दुसऱ्याच्या गोदामात दारूचा साठा करायला परवानगी लागते. हा मार्ग सोडून द्यावा.

हलवण्याचं काम पहाटे. जुन्या लाल वाइनमध्ये गाळ असतो, म्हणून त्या बाटल्या दोन-तीन दिवस आधी उभ्या कराव्यात. बारा बाटल्यांचा खोका १५-१६ किलो भरतो, तेव्हा तळाला दुहेरी टेप आणि बाटल्यांमध्ये पुठ्ठ्याचे कप्पे. मूव्हर्सच्या ट्रकमध्ये देऊ नयेत, पत्र्याखाली दुपारी भट्टी होते. आपल्या गाडीत, डिक्कीत नव्हे तर मागच्या सीटवर, एसी चालू. लांबचा पल्ला असेल तर गोठवलेल्या जेल-पिशव्या टॉवेलमध्ये गुंडाळून खोक्याच्या कडेला ठेवाव्यात, बाटलीला चिकटवून नाही, लेबल भिजून सुटतं. बाटलीच्या मानेला नंबराची चिठ्ठी आणि वहीत त्याच नंबरापुढे नाव, साल, बिलाची तारीख, म्हणजे शोधण्यासाठी सगळे खोके उपसावे लागत नाहीत.

जुलैपासून पावसाळी ओल, म्हणून काळजी लेबलांची. बाटलीभोवती स्वयंपाकघरातल्या पारदर्शक फिल्मचा एक वेढा पुरतो. जवळ डांबरगोळ्या, फिनाइल, कांदे ठेवू नयेत.

नव्या घराचा रंग आणि लाकडाचं पॉलिश झाल्यावर थिनरचा वास पूर्ण जाईपर्यंत बाटल्या आत नेऊ नयेत. नेल्यावर दोन ते चार आठवडे हात लावू नये, प्रवासाने वाइनचा वास आणि चव दबलेली असते. मग साठ्यातली सर्वांत साधी लाल बाटली उघडून बघावी. वास उकडलेल्या मनुकांसारखा आणि रंगाची कड तपकिरी असेल, तर त्याच खोक्यातल्या बाकीच्या बाटल्याही तापल्या असण्याची शक्यता मोठी, त्या आधी संपवाव्यात. फळाचा ताजा वास आला तर उरलेल्या खुशाल पडू द्याव्यात.