न उडणारा सुपरमॅन

दुपारभर लाइट नव्हते, त्यामुळे ‘सुपरमॅन स्मॅशेस द क्लॅन’ हे कॉमिक एका बैठकीत संपलं. खरं सांगू? सुपरमॅन मला कधीच फारसा भावला नव्हता. ज्याला सगळंच जमतं त्याची काळजी काय म्हणून करायची!

पण जीन लुएन यांग यांचा हा सुपरमॅन उडतच नाही. विजेच्या तारांवरून धावत येतो. साल १९४६, चायनाटाउन सोडून मेट्रोपोलिसमध्ये राहायला आलेलं ली कुटुंब, आणि त्यांच्या अंगणात क्लॅनने, म्हणजे गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या टोळीने, पेटवलेला क्रॉस. लींचा मुलगा टॉमी नव्या पोरांत चटकन मिसळतो, त्याच्या बहिणीला, रोबर्टाला ते जमत नाही. सुपरमॅन उडत का नाही, हे तिला बरोब्बर कळतं. उडाला तर तो परका आहे हे सगळ्यांना दिसेल ना! लहानपणापासून त्याने स्वतःलाच दाबून ठेवलंय. ते वाचताना मी पान उलटायचं विसरले.

गंमत म्हणजे १९३८ साली पहिल्यांदा आला तेव्हाही सुपरमॅन उडत नव्हता, नुसत्या लांब उड्या मारायचा. यांगनी ती जुनी मर्यादा उचलली आणि तिला मनातलं कारण दिलं. याला म्हणतात डोकं! गुरिहिरु या जपानी जोडीची चित्रंही मस्त, गोडगोड वाटतात आणि मग अचानक क्लॅनचे ते पांढरे बुरखे येतात.

मूळ कथा १९४६च्या रेडिओ मालिकेतली आहे. ऐकलीय का कुणी? कुठे मिळेल ते कमेंटमध्ये टाका.